फाटकावरचा आवाज

मनकर्णाची साक्ष सिंदी मेघेच्या ख्रिस्ती मंडळीला तोंडपाठ झाली होती, तरी दर खेपेला डोळ्यांना पदर लागायचेच. प्रार्थनेला कोणी नवं माणूस आलं की पाळक हरिदास मागे वळून म्हणायचे, "मनकर्णाबाई, साक्ष द्या." साक्ष म्हणजे देव आपल्याला कसा भेटला, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. मनकर्णा उभी राहायची, पदर नीट करायची आणि एरवी कधी बोलत नाही अशा शुद्ध भाषेत सुरू करायची. "मी दवाखान्यात होते. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, जखम भरत नव्हती. माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. तेव्हा प्रभू म्हणाला, मी आहे."

एवढीशीच साक्ष.

हे सगळं चालू असताना तिचा नवरा बंडूजी बाहेर कडुलिंबाखाली स्कूटरला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभा असायचा. तिला आणायचं-न्यायचं काम त्याचं. आत मात्र तो कधी गेला नाही. शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस तो. "तुह्या देव तुले, माह्या मारोती मले, अन् भाजी दोघायची," असा त्याने संसारातला तह केला होता आणि तो इमानदारीने पाळलाही होता. घरामागच्या तुकड्यात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि वर्धेच्या बाजारात विकायचा.

पण मंडळीने नवा स्पीकर घेतला आणि घोळ झाला. आत जागा पुरत नाही म्हणून कोणा हौशी माणसाने एक डबा बाहेर, नेमका त्या कडुलिंबाला बांधला. बंडूजीने बायकोची साक्ष जन्मात पहिल्यांदा ऐकली.

घरी येताना गाडी मुकाट होती. एरवी हा माणूस वांग्याच्या भावापासून शेजाऱ्याच्या बोअरवेलपर्यंत बडबड करत गाडी चालवतो. मनकर्णाला वाटलं, पोट बिघडलं असेल. जेवताना त्याने भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "अवं, तथी दवाखान्यात तुह्यं कोनी नोतं?"

तिचा हात थांबला. "तसं म्हनतात साक्षीत."

"काऊन?"

तिने उगाच त्याच्या ताटात भाजी वाढली.

"मंग मी कोन होतो? भाजीवाला?" बंडूजी म्हणाला आणि स्वतःच हसला, हात धुतले, वाफ्यांना पाणी सोडायला गेला. रागावला असता तर तिने दोन शब्द ऐकवून मोकळं केलं असतं. तो हसला, म्हणून तिच्या काळजात चर्र झालं.

कारण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती तिला पक्की ठाऊक होती. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेशिवाय सोडत नसत. मग बंडूजीने बाजार सोडला आणि हातगाडी दवाखान्याच्या फाटकाशी आणून लावली. तिथे कोण घेतं भाजी? पण तो दिवसभर तिथेच. त्याचा आवाज फुटका. "सांभाऽर" म्हणताना शेवटाला असा चिरकायचा की पोरंसुद्धा नक्कल करायची. वॉर्डातल्या आया शोभाबाई ख्रिस्ती होत्या. त्यांनी मनकर्णाला सांगितलं होतं, बाई, देवाशी आपल्या माणसाशी बोलावं तसं बोल. एका दुपारी जखम फार ठणकली तेव्हा ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "येशूबाप्पा, कोनी हाय का नाई माह्यं, तेवढं कळू दे." आणि त्याच क्षणी खिडकीतून आलं, "सांभाऽर!"

त्या दिवसापासून ती ख्रिस्ती विश्वासात आली. पहिल्यांदा साक्ष देताना तिने हे असंच्या असं सांगितलंही होतं. पण सांभाराचं नाव येताच मागची माणसं फिसकन हसली, आणि हरिदासांनी नंतर मायेनेच सुचवलं, "बाई, थोडं आवरून सांगा. देवाचं तेवढं सांगा." ती आवरत गेली. आधी सांभार गेला, मग हातगाडी गेली, आणि भाजी निवडताना चांगली पानंही देठांसोबत केरात जावीत तसा शेवटी बंडूजीच गेला.

पुढच्या रविवारी पुलगावला मोठा मेळावा होता. तिथे मनकर्णाने साक्ष द्यायची हे आधीच ठरलेलं. बंडूजी म्हणाला, "नेऊन देतो, पन मी चौकात थांबीन. तथी चहा बरा भेटते."

चहाचं नुसतं निमित्त होतं, हे न कळायला ती काही कालची नवरी नव्हती. दवाखान्याचं फाटक न सोडलेला हा माणूस आता मेळाव्याच्या फाटकाशी थांबायलाच नाही म्हणत होता.

"फाटकाजवळच थांबजा ना," ती म्हणाली.

"पाहू," तो म्हणाला.

पुलगावचा मांडव गच्च भरला होता. माइक हातात आला आणि जीभ सवयीने सरळ रस्त्याला लागली. "मी दवाखान्यात होते. जखम भरत नव्हती. माझं म्हणावं असं कोणी…"

ती थांबली. पुढच्या रांगेत बसलेल्या हरिदासांना वाटलं, बाई विसरली. त्यांनी हळूच पुरवलं, "नव्हतं."

"होतं," मनकर्णा म्हणाली. माइकमधून ते सगळीकडे गेलं. "होतं जी. माह्या नवरा होता. आत येऊ देत नोते, म्हनून फाटकावर भाजी विकून राह्यला होता. मी देवाले इचारलं, माह्यं कोनी हाय का? अन् तेवढ्यात फाटकावरून याचा आवाज आला, सांभाऽर म्हनून. असा फुटका आवाज, काय सांगू तुमाले! देवाले दुसरा चांगला आवाज भेटला नसता का? पन त्यानं मले याच्याच आवाजात सांगतलं." तिने माइक दोन्ही हातांत धरला. "मी इतके वर्स देवाचं नाव घेतलं, अन् ज्याच्या तोंडून तो बोलला त्याचंच नाव गाळलं. माह्यं चुकलं. बस, एवढीच साक्ष."

मांडव आधी हसला, मग डोळ्यांना पदर लागले. हरिदास मान खाली घालून चष्मा पुसत होते.

ती बाहेर आली. फाटकाशी स्कूटर नव्हती. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हणजे गेलाच हा चौकात. सगळ्या पुलगावने ऐकलं आणि ज्याने ऐकायचं तो तिकडे चहा पीत बसला. तिला रडूच आलं. चप्पल ओढत ती चौकाकडे निघाली.

तेवढ्यात मागून, मांडवाच्या कनातीआडून आलं, "सांभाऽर!"

शेवटाला तसंच चिरकलं. दोन-तीन पोरं दचकून वळली.

स्पीकरच्या खांबाखाली बंडूजी स्कूटरला टेकून उभा होता. डोळे लाल, आणि चेहरा मोठ्या कष्टाने रागीट केलेला.

"फुटका हाय म्हने माह्या आवाज?"

"हायच," ती डोळे पुसत म्हणाली.

"मंग देवानं काऊन घेतला?"

"जवळ होता म्हनून," मनकर्णा म्हणाली.

बंडूजीने हाताने मागची सीट पुसली. त्याने स्कूटर सुरू केली, ती मागे बसेपर्यंत थांबला, पदर चाकात जात नाही ना ते वळून पाहिलं. मग वर्धा येईपर्यंत तो वांग्याच्या भावाबद्दल बोलत राहिला, आणि मनकर्णा ऐकत राहिली.