डाव्या कानाखालची नखभर दाढी

मी वस्तरा. ब्लेड म्हणणार असाल तर पुढचं ऐकूच नका. कागदात गुंडाळलेलं ते पत्र्याचं पातं, दोन दाढ्यांत त्याचा जीव जातो आणि तिसऱ्या दिवशी ते कचऱ्यात. त्याच्याशी माझं नातं जोडायचं नाही, सांगून ठेवतो.

मला एका तिरसट लोहाराने घडवलं. तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं आणि सहाणेवर इतकं घासलं की माझ्या दोन्ही बाजू पोटात गेल्या. मूठ काळ्या शिंगाची. नक्षी नाही, चकाकी नाही. म्हणूनच दुकानाच्या काचेमागे मी सात महिने पडून राहिलो. येणारा जो तो मुठी बघायचा! सोनेरी मूठ, वाघाच्या तोंडाची मूठ. घोडा घ्यायला जावं आणि खोगीर बघत बसावं, तशातली गत. गिऱ्हाइकाला हातात काय घेतोय ते कळत नाही आणि दुकानदाराला ते कळू द्यायचं नसतं.

शेवटी एक न्हावी आला. मुठीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला उघडलं, मिटलं, पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतंय ना ते बघितलं. नखाने टिचकी मारून कान लावला. मग स्वतःच्या मनगटावरून मला अलगद फिरवलं. चार केस गळून पडले. "हा द्या," तो म्हणाला. माणसाने शहाणपणा केलेला मी फारसा पाहिलेला नाही, पण त्या दिवशी पाहिला.

चौतीस वर्षं आम्ही दोघांनी दाढ्या केल्या. वकील, गवंडी, मास्तर, हमाल. साबण फासला की सगळे एकसारखेच बावळट दिसतात. घरी बायकोपुढे ब्र न काढणारा खुर्चीत बसला की राज्य कसं चालवावं ते सांगतो. माझा मालक कोणाचंच ऐकून घ्यायचा नाही. त्याची जीभ माझ्यापेक्षा धारदार होती आणि अखंड चालायची. रस्त्यावर त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. कोणाचा भांग वाकडा, कोणाचा जावई कुचकामी, कोणत्या न्हाव्याने कोणाच्या डोक्याची कशी वाट लावली, सगळ्याच्या बातम्या.

मग एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गालावर अर्ध्यात त्याचा हात थांबला. बोटं सुटली आणि मी फरशीवर पडलो. अर्धांगवायूचा झटका. इस्पितळातून तो घरी आला तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "जीभ गेलेली नाही, पण रोज बोलतं करा. नाहीतर कायमची अडेल." त्यासाठी एक बाई यायला लागल्या. चित्रांचे पुठ्ठे घेऊन. "काका, हे काय आहे? चें… चें…" चौतीस वर्षं गावाला बोलून गार केलेल्या माणसाला ह्या चेंडू विचारणार! त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मीही फिरवलं असतं.

दोन महिने गेले. तोंडावर दाढीचं रान माजलं. मुलगा त्याचं ते विजेचं यंत्र घेऊन आला. मुलाचं मोठं सलून आहे, आरसेच आरसे, आणि सगळा कारभार अर्ध्या ब्लेडवर. यंत्राची घरघर ऐकताच मालकाने डाव्या हाताने ते असं उडवलं की कपाटाखाली गेलं.

"राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "मी करीन त्यांची दाढी. वस्तऱ्याने."

मुलगा हसला. "आई, तू? बाबांचा गळा आहे तो, सदऱ्याचा नव्हे."

मालकीणबाई शिंप्याकडे काजं करायच्या. तीस वर्षं, दिवसाला शेकड्याने. मलाही हसूच आलं. सुई कुठे आणि मी कुठे!

तरी मुलाने नवा वस्तरा आणून दिला. मखमली पेटी, सोनेरी मूठ, पात्यावर गरुड. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पेटी मालकापुढे उघडली. मालकाने एकदा पात्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे पाहिलं. त्याचे ओठ थरथरले.

"भं… गार."

दोन महिन्यांनंतरचा पहिला शब्द, आणि तो हा! मुलाचं तोंड उतरलं. बाई मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या, आणि मग ट्रंकेवरच्या उघड्या डब्यातून मला काढून आणलं. "हा का?" मालकाने मान हलवली.

शिकवणी फुग्यावर सुरू झाली. न्हावी असाच शिकतो: फुगा फुगवायचा, साबण फासायचा, वस्तऱ्याने तो उतरवायचा, फुगा फुटता कामा नये. बाईंनी पहिल्या दिवशी नऊ फोडले. माझ्या अंगावर रबराच्या चिंध्या! प्रत्येक फट्‌ला मालक खाटेवरून ओरडायचा, "दा… ब… तेस!" बरोबरच होतं त्याचं. मला दाबायचं नसतं. माझं वजन मला पुरतं. पाठ गालापासून करंगळीच्या नखाएवढी वर ठेवायची, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, आणि केस झुकतो त्या दिशेने मला जाऊ द्यायचं. एवढं साधं आहे, पण माणसाला साधं कधी जमलंय?

पुढे तर कहरच झाला. दाढीआधी मला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात. पाठ पुढे, धार मागे. बाईंनी विळीला दगड घासावा तशी धार पुढे करून मला सरसर ओढलं. पट्टा मधोमध चिरला!

"पाठ पुढं!" मालक गरजला. "पाठ! अक्कल… शिवून टाकलीस काय?"

अख्खं वाक्य. बाई हातात फाटका पट्टा धरून हसायला लागल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. चौतीस वर्षांचा पट्टा गेला आणि ही बाई हसते! मी मनात म्हटलं, संपलं, आता आपलं काही खरं नाही.

पण बाईंचा हात बसलेला होता, हे मला कबूल करावं लागेल. महिन्याभरात बाई मालकाच्या गालापर्यंत आल्या आणि एका सकाळी अशी दाढी केली की मालकाने डावा तळहात गालभर फिरवला आणि त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही. तो गप्प बसला. दिवसभर गप्प. पुठ्ठेवाल्या बाई आल्या, चेंडू दाखवून गेल्या. चकार शब्द नाही. संध्याकाळी मालकीणबाई मला पुसताना दोनदा थांबल्या. दोन्ही वेळा त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी डाव्या कानाखाली नखभर दाढी राहिली.

"हे काय?" मालकाचं बोट तिथे अडकलं. "कानाखाली बी… बियाणं ठेवलंयस? आमच्या दुकानात असं केलं असतंस तर…" आणि जी सुरुवात झाली ती पंधरा मिनिटं. अडखळत, तोतरत, पण पंधरा मिनिटं.

तिसऱ्या दिवशी तीच जागा, तेवढंच नख. चौथ्या दिवशीही. मी केसांपर्यंत जायचो आणि मला वळसा घालून काढलं जायचं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काजं करणारी बाई ही! हिचा हात केसभर चुकत नाही आणि म्हणे नखभर चुकतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौतीस वर्षांत एक खुंट मागे ठेवला नाही मी, आणि आता रोज माझ्या नावावर ही नामुष्की? तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, मालक, बायको फसवतेय तुम्हाला!

इकडे मालकाची जीभ सुटत चालली. मुलाचं सलून झालं, सोनेरी वस्तरा झाला, वरच्या मजल्यावरच्या काकांची मिशी झाली. पुठ्ठेवाल्या बाईंना एकदा सरळ सांगितलं, "चेंडू मला माहीत आहे, बाई. तुम्ही तुमच्या नवऱ्याचे कल्ले सारखे करून घ्या."

आणि मग परवाची सकाळ. उजवा गाल झाला, गळा झाला, डावा गाल झाला. कानाखाली येऊन बाईंनी मला मिटायला घेतलं. मालकाने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"तेही काढ."

"कुठलं?"

"रोज ठेवतेस ते. आयुष्यभर दाढ्याच केल्यात मी. चुकलेला हात आणि चुकवलेला हात मला ओळखू येत नाही?"

बाईंनी मला मिटलं. "काढलं की तुम्ही गप्प बसाल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बसला होतात तसे. मला भीती वाटते हो."

मालकाने मनगट सोडलं. मग म्हणाला, "त्या दिवशी बोलायचं होतं. चांगली झाली असं म्हणायचं होतं. जमलं नाही. कधी कोणाला म्हटलंच नव्हतं ना."

बाईंनी मला पुन्हा उघडलं आणि ती नखभर जागा साफ केली.

म्हणजे बघा, त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं. दोघंही रोज आपापलं नाटक करत होते आणि त्यात एकटा मूर्ख बनला तो मी. जाऊ द्या. हल्ली माझा मुक्काम खिडकीतल्या फळीवर असतो. दिवसाला एकच दाढी, तीही त्याच त्या सुरकुतलेल्या गालांची. तुम्हाला विनंती एवढीच की वस्तरा घ्यायला गेलात तर मुठीवर भाळू नका, आणि शिकायला बसलात तर दाबू नका. तुम्ही दोन्ही कराल, मला खात्री आहे.

चला, निघतो. खुर्ची मांडली आहे, साबण फासून झालाय, आणि फेस तोंडात जात असतानाही त्याची बडबड चालूच आहे. बाईंनी गाल ताणलाय आणि मला हवेत धरून कधीच्या थांबल्या आहेत.

"अहो," त्या म्हणतायत, "आता तरी जरा गप्प बसता का?"