शेवटची आठ पानं

वरठीत कलाबाईकडून पुस्तक मिळणं सोपं होतं, मिळत नसे तो शेवट. कोणी पुस्तक मागितलं की ती हसत कपाट उघडायची, पुस्तक काढायची, उलटं धरायची आणि शेवटच्या आठ पानांना घातलेला कच्चा टाका एका ओढीत काढून टाकायची. ती आठ पानं बिस्किटाच्या डब्यात जायची, वर नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. उरलेलं पुस्तक खुशाल घरी न्या, महिनाभर वाचा, परत आणा. मग तिच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, खुर्ची मिळायची, चहा मिळायचा आणि शेवट मिळायचा. शेवट घरी नेण्याची सोय नव्हती.

कलाबाई ब्लाउज शिवायची. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा मनिष हैदराबादला नोकरीत. मशीन, कात्री आणि दोनशे चाळीस पुस्तकं एवढाच तिचा संसार उरला होता. एके काळी लग्नसराईत तिच्या सपरीत पाय ठेवायला जागा नसे. बाया माप द्यायला यायच्या आणि अर्ध्या गावाची मापं काढून जायच्या. रेडिमेड ब्लाउज आले तशा त्या बाया ओसरल्या. पुस्तकवाले मात्र येत राहिले, आणि कच्च्या टाक्याच्या कृपेनं प्रत्येक जण दोनदा येत राहिला.

हा नियम का, असं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असे. नियमाआधी तिची अकरा पुस्तकं लोकांनी गिळली होती. माणूस उसनी नेलेली वाटी परत करतो, वर तिच्यात चार वड्या घालून देतो. पण पुस्तक म्हटलं की चांगल्या चांगल्यांना विसराळूपणाचा झटका येतो. आणि तिची पुस्तकं म्हणजे तिचा जीव. उरलेल्या अस्तराच्या कापडाची कव्हरं तिनं सगळ्यांना शिवली होती: खून-दरोड्याला लाल, प्रेमप्रकरणाला गुलाबी, थोरामोठ्यांच्या चरित्राला पांढरं. हात धुतल्याशिवाय पान उलटायचं नाही, पानाचा कोपरा दुमडायचा नाही. अशी बाई पुस्तकाचे टाके कसे उसवते, असं कोणी म्हटलंच तर ती म्हणे, "शिवणारीले उसवाचं पाप नाई लागत."

स्टील प्लान्टमधला डोमा एकदा लाल कव्हराचं पुस्तक घेऊन गेला. चौथ्या दिवशी सकाळी, ड्यूटी सुटल्या सुटल्या, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता तो अंगणात हजर.

"काकू, खुनी कोण आहे थे आधी सांगा. मले मशिनीवर बी थोच दिसून राहिला."

"हात धू," कलाबाई म्हणाली.

डोमा वाचत बसला आणि कलाबाई सुई बाजूला ठेवून त्याचं तोंड बघत बसली. खुनी डॉक्टर निघाला तेव्हा डोमानं कपाळावर हात मारला, मुनीमजीवर घेतलेला संशय कबूल केला आणि मग तासभर आपल्या साहेबाच्या गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी कलाबाईचा एकही ब्लाउज पुरा झाला नाही, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

नऊ वर्षांत नियम एकदाच फसला. आणि फसला तोही कुठं, तर रुखमापाशी.

रुखमा आणि कलाबाई दोघी सिहोऱ्याच्या, एका पाटीवर शिकलेल्या, एका चिंचेखाली भांडलेल्या. लग्नानंतर एक वरठीला आली, दुसरी कोंढ्याला गेली. पण वर्षातून चार-पाचदा रुखमा यायची, पुस्तक न्यायची, आणि ते असं परत आणायची की बघवत नसे. कुठं हळदीचं बोट, कुठं दुमडलेला कोपरा, समासात पेनानं मोठ्ठं "खोटं!" लिहिलेलं. कलाबाई बोंब मारायची आणि पुढचं पुस्तक द्यायची. नियम झाला तेव्हाही रुखमाला तो लागू नव्हता. तीन वर्षांपूर्वी मात्र सपरीत चार लोक बसलेले असताना रुखमानं दोन जावांची एक जाडजूड कादंबरी मागितली आणि कलाबाईनं लोकांदेखत सवयीनं टाका ओढला.

"माह्यापासून बी काढतं?" रुखमानं विचारलं.

"नियम सगळ्याले सारखा," कलाबाई बोलून गेली.

"मी का सगळ्यातली आहो?"

रुखमा चहा न घेता उठली. बिनशेवटाचं पुस्तक तेवढं पिशवीत घालून घेऊन गेली. ती गेली ती गेलीच. कलाबाईनं कितीदा फोन हातात घेतला आणि कितीदा ठेवला याची गणती नाही. चूक आपली, हे तिला फाटकाची कडी वाजली तेव्हाच कळलं होतं. पण चूक कळणं आणि ती तोंडातून बाहेर पडणं यात माणसाचं नाक असतं. डब्यातली आठ पानं तशीच पडून राहिली आणि कलाबाईला मैत्रीण नाही अशी तीन वर्षं गेली.

या डिसेंबरात रीना साडीला फॉल लावायला आली. लग्न होऊन वरठीत आल्याला तिला दोन महिने झाले होते. कपाट बघून ती हरखली.

"काकू, तुमच्यापाशी थे दोन जावांची कादंबरी आहे का? जाडी आहे. आंगणात भिंत घालतेत थे. सासूबाईले वाचाले देईन म्हणलं. शेवट त असा मस्त आहे, मी हसून हसून रडली."

कलाबाईची कात्री थांबली. "हसून? थ्या कादंबरीत हसाचं काई नाई वो पोरी. भिंतीच्या दोन्ही बाजूले दोघी मरतेत."

"नाई काकू! मी सोता वाचली, माह्या माहेरी, कोंढ्याले. शेवटची पानं हातानं लिवली आहेत, निळ्या दोऱ्यानं शिवली आहेत. शेजारच्या मोठ्या मायनं देल्ली होती. रुखमा मोठी माय."

कलाबाईनं कात्री खाली ठेवली. मग तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "मंग का होते शेवटी?"

"थे नाई सांगत," रीना हसली. "मोठ्या मायनं शपथ घातली. म्हणे, ज्याचा त्यानं वाचावा."

नऊ वर्षं लोकांना शेवटासाठी झुरवणारी बाई आता स्वतः झुरू लागली. आधी राग आला. माझ्या पुस्तकाला शेवट लावणारी ही कोण? दुपारपर्यंत राग उतरला आणि नुसती खाज उरली. काय लिहिलं असेल त्या बयेनं? दोन दिवसांत तिनं एका ब्लाउजला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. तिसऱ्या दिवशी घराला कुलूप घातलं, छापील आठ पानं पर्समध्ये टाकली आणि भंडाऱ्याहून पवनीची बस पकडली. आपण पुस्तक आणायला चाललो आहोत, बाकी काही नाही, असं ती स्वतःला वाटेत चार वेळा म्हणाली. स्वतःनं ते मानलं नाही. खरी धास्ती वेगळीच होती: रुखमानं दारातून 'ये' म्हटलं नाही तर? कोंढा येईपर्यंत तिनं माफीची सहा वाक्यं तयार केली आणि सहाही एकाहून एक पडेल निघाली.

रुखमा अंगणात लाखोळीची भाजी खुडत बसली होती. मोतीबिंदूच्या चष्म्यातून तिनं वर पाहिलं. "कोण? ... कले?"

सहाही वाक्यं कोंढ्याच्या स्टँडवरच उतरून कुठंतरी गेली होती. कलाबाई म्हणाली, "पुस्तक न्याले आली."

रुखमाचं उजळलेलं तोंड पुन्हा मिटलं. "ने ना. तुयंच आहे," म्हणत ती आत गेली आणि पुस्तक आणून बाजेवर ठेवलं.

पुस्तक कसलं, ती एक जत्रा होती. कव्हरावर तेलाचे ठसे, मधे खुणेला केसांचा चाप, पुढं धानाची एक वाळलेली लोंबी, समासात जागोजागी "खोटं!" आणि एका ठिकाणी "हे मात्र खरं आहे बाप्पा". एरवी कलाबाईनं गाव गोळा केलं असतं. आज तिचं लक्ष फक्त मागच्या निळ्या दोऱ्याकडे होतं.

"इथंच वाचू का?"

"वाच. पण हात धुवून घेजो आधी," रुखमा म्हणाली. "नियम सगळ्याले सारखा."

कलाबाईनं मुकाट्यानं हात धुतले आणि बाजेवर बसली. वहीची पानं, रुखमाचं तिरकं, मोठं अक्षर. रुखमा भाजीकडे बघण्याचं सोंग करत तिच्या तोंडाकडे बघत होती.

रुखमाच्या शेवटात जावा मरत नव्हत्या. त्यांच्या गावात एक ब्लाउज शिवणारी होती. तिची एक खोड होती: शिवलेल्या ब्लाउजची एक बाही ती मागे ठेवून घ्यायची. "बाही उद्या नेजो," म्हणायची. गावातल्या बाया एका बाहीनं बोंबलत परत यायच्या. दोन्ही जावा एकाच दिवशी आपापली बाही न्यायला गेल्या आणि भिंत घातल्यापासून पहिल्यांदा एका सपरीत समोरासमोर बसल्या. इथवर कलाबाई हसत होती. एका बाहीतल्या दोन जावा वाचताना तर तिनं पदर तोंडाला लावला. मग पान उलटलं. धाकटी जाऊ विचारते, बाई, तुम्ही बाही काहून ठेवून घेता? आणि शिवणारी सांगते: पुरा ब्लाउज देल्ला का बाई परत येत नाई. घर मोठं आहे, मी एकटी आहो. मले बाही नाई पायजे, मले बाई पायजे.

त्यापुढं जावांचं काय झालं हे कलाबाईला दिसेना, कारण अक्षरं पाण्यात गेली होती. लोक पुस्तकं बुडवतात म्हणून नियम, हे कारण तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की ते तिला स्वतःलाही खरं वाटू लागलं होतं. खरं कारण हिनं, हळदीच्या बोटांनी, वहीच्या पानावर लिहून ठेवलं होतं.

"तुले कधी समजलं?" तिनं विचारलं.

"परत येताना, बसमधे," रुखमा म्हणाली. "पण मागं फिराले नाक आडवं आलं. माहं बी नाक काई लहान नाई."

कलाबाईनं पर्समधली छापील पानं पुढं केली. "हा असली शेवट. वाच."

"ठेव तिकडे. अशा कादंबऱ्यांत दोघी मरतेतच, मालूम आहे मले." रुखमानं चष्मा काढून पदरानं पुसला. "मी त शेवट लिवाले बी नव्हती बसली, कले. तुले चिठ्ठी लिवाले बसली होती. 'कले' एवढं लिवलं आनं पुढे सुचेच ना. मंग हे लिवलं. आनं कोंढ्यातली जे जे पोरगी वरठीकडे देल्ली, थिले लग्नाआधी हे पुस्तक वाचाले देल्लं. म्हटलं, एखादी त तुह्या सपरीत बसून बोलन. रीना चवथी."

"आनं आधीच्या तिघी?"

"थ्या मेल्या रेडिमेड घालत असतीन!"

दोघी इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या बाईनं कुंपणावरून डोकावून पाहिलं. हसू ओसरलं तसं कलाबाईनं रुखमाचा हात धरला.

"मी पुस्तकासाठी नाई आली."

"मालूम आहे."

"मले बोलू दे. चुकी माही होती. चार लोकांपुढे तुले परकी केलं. तुह्याशिवाय मले करमत नाई रुखमे, तीन वर्सं नाई करमलं."

रुखमानं नाक ओढलं, डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा चढवला.

"हे एवढं तवाच बोलली असती, त मले या फुटक्या डोळ्यानं आठ पानं लिवा लागली नसती," ती म्हणाली आणि भाजीची टोपली दोघींच्या मधे ओढली.