जाळ्यातला बिल्ला

मी एक जुना फौजी बिल्ला आहे. शिकलेली माणसं मला पदक म्हणतात. पण ज्या घरात मी नांदलो तिथे सगळे बिल्लाच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. आधीच कबूल करतो मित्रांनो, मी काही मोठ्या शौर्याचा बिल्ला नव्हे. पासष्टच्या लढाईत जे जे फौजेत होते, त्या सगळ्यांना माझे भाऊ मिळाले. तरी माझा तोरा कमी नव्हता. माझ्या काठावर एका माणसाचा नंबर आणि नाव कोरलेलं होतं, आणि ते नाव दुसऱ्या कुठल्याच बिल्ल्यावर नव्हतं.

तो माणूस म्हणजे नामा भोईर. महाप्याच्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या आगरी गावातला. लहानपणापासून मिठागरात राबलेला. फौजेत तो ट्रक चालवायचा, आणि लढाईत त्याच्या ट्रकमध्ये बंदुका नव्हत्या, गोळे नव्हते. पाण्याच्या टाक्या होत्या. आघाडीवरच्या जवानांना तो पिण्याचं पाणी पोचवायचा. डोक्यावरून विमानं जात असताना त्याने एकही फेरी चुकवली नाही.

बहात्तर साली नामा पेन्शन घेऊन गावी आला. त्याची बायको चांगुणाबाई. तिने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला थेट देवांच्या फळीवर नेऊन ठेवलं. रोज सकाळी देवांना हळदकुंकू लागलं की मलाही एक बोट लागायचं. काय सांगू, काय थाट होता माझा!

पण तो थाट वर्षभरही टिकला नाही. नवं शहर वसणार म्हणून गावाच्या जमिनी जाऊ लागल्या. नामाचं शेत गेलं, मिठागरही गेलं. नामा मला सदऱ्यावर लावून एका कचेरीत अर्ज घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ते बिल्लाबिल्ला राहू द्या हो. कागद आणलेत का कागद?" नामा घरी आला, मला उपटून काढलं आणि सुईदोऱ्याच्या डब्यात भिरकावलं. "कवडीच्या कामाचा नाय हा तुकडा!" एवढंच तो बोलला. मला फार लागलं ते.

आता घरात उरलं होतं ते फक्त फेकायचं गोल जाळं आणि खाडी. या जाळ्याच्या काठाला सगळीकडून शिशाच्या गोळ्या बांधलेल्या असतात. त्यांच्या वजनाने जाळं खाली बसतं आणि मासा आत अडकतो. एक दिवस जाळं सांधताना चांगुणाबाईला एक गोळी गळून पडलेली दिसली. तिने डबा उघडला. मी होतो. ती थोडी घुटमळली. मग स्वतःशीच म्हणाली, "इतकी कुंकवं लावली याला. देवाचाच झाला ना हा? हा असला म्हंजे म्हावरा लागंल." तिने मला कापडाच्या तुकड्यात घट्ट शिवलं, वरून डांबर चोपडलं आणि जाळ्याला बांधून टाकलं. नामाला वाटलं, शिशाचाच गोळा आहे.

झालं! त्याच दिवशी टोपलं भरून बोयटं मासे लागले. मग काय, चांगुणाबाईचा विश्वास अगदी पक्का बसला. खरं सांगू? त्यात माझा हात काडीचाही नव्हता. उलट मी शिशापेक्षा हलका, त्यामुळे माझ्या बाजूने जाळं जरासं उचललेलं राहायचं आणि कितीतरी मासे तिथूनच पसार व्हायचे. बारा वर्षं मी चिखलात बुडत होतो, वर येत होतो. नामाचा हात रोज माझ्यावरून फिरायचा, पण त्याला मी कळत नव्हतो.

पंचाऐंशीचा जानेवारी आला. शाळेच्या वैजयंतीबाई घरी आल्या. सव्वीस तारखेला शाळेच्या मैदानावर आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांचा सत्कार होता. जाताना त्या म्हणाल्या, "काका, बिल्ला लावूनच यायचं हं. मुलांना दाखवायचाय."

बाई गेल्या आणि नामाने डबा पालथा केला. पेटी उपसली, उतरंडीची मडकी हलवली, कौलांखालीसुद्धा हात घातला. मी कुठून सापडणार? शेवटी तो उंबऱ्यावर बसला आणि रडू लागला. एवढा दांडगा माणूस, पण लहान मुलासारखा रडला. "मीच भिरकावला त्याला. आता कोन बोलंल मना फौजी? बोलतील, मिठागरातला गडी आयता हार घ्यायला आला." चांगुणाबाई चुलीपाशी उभी होती. नवऱ्याचा मान आपण खाडीत बुडवला, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार होती?

सव्वीस तारखेला नामा जुना खाकी सदरा घालून, रिकाम्या छातीनेच निघाला. तो दिसेनासा झाला तशी चांगुणाबाई जाळ्याकडे धावली. पण बारा वर्षांच्या गाठी ओलाव्याने आवळून दगड झाल्या होत्या. सुटता सुटेनात, आणि विळा शोधायलाही वेळ नव्हता. मग तिने काय केलं असेल? अख्खं जाळंच खांद्यावर टाकलं आणि चालू लागली!

मैदानाच्या दारात एका स्वयंसेवकाने तिला अडवलं. "ओ मावशी, मासळीबाजार तिकडे!"

"तिकडं तूच जा," ती म्हणाली आणि घुसली आत.

मंचासमोर म्हातारे जवान रांगेत उभे होते. एक निवृत्त कर्नलसाहेब एकेकाचा बिल्ला हातात घेऊन नाव वाचत होते. ते नामापुढे आले. नामाने मान खाली घातली. "हरवला साहेब. माजीच चूक."

"नाय हरवला!" चांगुणाबाई गर्दीतूनच ओरडली. "चूक माजी हाय, साहेब. मी जाल्याला बांधला. देवाचा समजून बांधला!"

थोडे लोक हसले. नामाने जाळं हातात घेतलं, गाठ शोधली आणि दातांनी तोडली. डांबराची पुरचुंडी फाडली. बारा वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं. अहो, मी काळा पडलो नव्हतो! तिच्या डांबराने मला खाडीपासून राखलं होतं.

कर्नलसाहेबांनी मला बोटांत फिरवलं आणि काठावरचा नंबर एकेक आकडा करत मोठ्याने वाचला. मग नाव वाचलं. आणि नामाच्या टाचा खटकन जुळल्या. "हजर, साहेब!"

"आघाडीवर काय काम होतं?"

"पानी पोचवायचो, साहेब."

साहेबांनी मला नामाच्या हातात ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही तुझं पाणी प्यालोय." आणि त्यांनी, हो, आधी त्यांनी, नामाला सॅल्यूट ठोकला. सारं मैदान उभं राहिलं. मी टांकसाळ पाहिली, परेड पाहिली, देवांची फळी पाहिली. पण तसं काही मी कधीच पाहिलं नव्हतं. माझं धातूचं अंग शहारलं.

माझी फीत कधीच हरवली होती. तेव्हा चांगुणाबाईने पदरातून जाळं सांधायची सुई काढली, जाळ्याचंच सूत घेतलं आणि सगळ्यांसमोर मला नामाच्या छातीवर बांधलं. नामा हळूच म्हणाला, "मी टाकला, तू राखलास. बांध घट्ट."

आता मी पुन्हा देवांच्या फळीवर असतो, त्याच सुताने बांधलेला. माझ्या जागी जाळ्याला शिशाची गोळी लागली आणि मासे जास्त मिळू लागले. असो. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात सुईदोऱ्याचा एखादा डबा असेल. तो उघडून बघा. माझा एखादा भाऊ सापडला, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. त्याच्या काठावरचं नाव मोठ्याने वाचा. आणि लवकर वाचा. 'हजर' म्हणणारा माणूस अजून घरात आहे, तोवरच वाचा.