न चाखता केलेले आंबट

"एकटी राहते म्हणून मला वर पाठवायचा विचार आहे का गं तुझा?" शेजारच्या ग्लाफिराने वाटी खाली ठेवली आणि डोक्याच्या रुमालाने डोळे पुसले.

रुखिया हसली. ग्लाफिरा काहीतरी खोचक बोलल्याशिवाय कधी जेवलीच नव्हती. पण आज तिचे डोळे वाहायचे थांबेनात. खोकल्याची उबळ आली, घटाघटा पाणी पिऊन झाल्यावर तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"घसा सोलला माझा. हे आज कुणाला देऊ नकोस, रुखिया."

बाहेर तोकमोक गावाचा उन्हाळा रणरणत होता. अशा दिवसांत त्या गल्लीत अश्लान्फूखेरीज कुणाच्या घशाखाली काही उतरत नसे. गव्हाच्या लांब शेवया, खरवसासारखी थिजवून किसलेली बटाट्याच्या सत्त्वाची खळ आणि वरून लसूण-मिरचीचे थंडगार आंबट पाणी. यंदा रुखियाचे रोजे आणि ग्लाफिराचा चर्चचा उपास एकाच वेळी आला होता. ग्लाफिराला मांस, दूध, अंडे वर्ज्य, म्हणून तिची वाटी बिनअंड्याची. एकीचा उपास खाऊन चालला होता आणि दुसरीचा न खाऊन. त्यामुळे रुखियाच्या स्वयंपाकघरात दिवसाउजेडी तोंडात घास घालणारी तेवढी ग्लाफिराच होती.

आणि आज संध्याकाळी मशिदीच्या अंगणात सगळी गल्ली रोजा सोडणार होती. शेवयांना तेल लावून झाले होते, खळ थिजली होती, मोठे पातेले भरून आंबट पाणी तयार होते. त्याच पातेल्यातले पाणी ग्लाफिराच्या वाटीत पडले होते.

रोज्यात रुखिया कधीच काही चाखत नसे. जिभेच्या टोकाला लावून थुंकले तर चालते, असे मौलवी सांगत. पण तिच्या सासूला ते पटत नसे, म्हणून तिनेही कधी केले नाही. तरी तिचे आंबट कधी चुकले नव्हते. रुखियाच्या नाकालाच जीभ आहे, असे गल्ली म्हणायची. पण गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि उतरताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. आधी तिला वाटले चहाची पत्तीच जुनी आहे. मग कळले, पण तिने कुणाला सांगितले नाही. जेवताना ती मुलाच्या, याकूबच्या, तोंडाकडे बघायची आणि मीठ कमी की जास्त ते ठरवायची. रमजान लागला तेव्हा तिला हायसे वाटले, कारण आता चाखून बघा असे कुणी म्हणणार नव्हते. रोजे संपूच नयेत असे तिला वाटे, आणि असे वाटते म्हणून ती अल्लाची माफीही मागे.

घरात आंबट जिच्या हातचे, तिचे स्वयंपाकघर. रुखियाने ते सासूच्या हातून घेतले, त्यानंतर सासू अंगणात लसूण सोलत बसली ती मरेपर्यंत. तिला कुणी काही विचारले नाही, रुखियानेही नाही. हेच आता आपल्या वाट्याला येणार, या भीतीने तिची झोप उडाली होती.

तेवढ्यात सून, मदिना, बाजारातून आली. दुकानदाराने सिरक्याचा अर्क भलताच कडक दिला, असे रुखिया म्हणू लागली. मदिना पातेल्यावर वाकली आणि नाक धरून मागे सरली.

"अम्मा, तुम्ही परत अर्क घातलात? मी पहाटेच घातला होता. तुमचा हात दुखतो म्हणून."

"मला सांगायचं होतंस."

"त्यात सांगायचं काय? नुसतं जवळ गेलं तरी वास..." मदिना बोलता बोलता थांबली.

ग्लाफिरा मान खाली घालून आपल्या वाटीत काहीतरी शोधू लागली.

"वास येत नाही मला," रुखिया म्हणाली. "चवही नाही. तापापासून."

मदिनाने नाकावरचा हात काढला. सून आता जिंकल्यासारखी हसेल, याची रुखिया वाट बघत होती.

"म्हणजे मागच्या महिन्यात माझ्या भाजीला खारट म्हणालात, ते?"

"याकूबचं तोंड बघून म्हणाले."

मदिनाला हसू आवरेना. मग एकदम तिचे डोळे भरून आले आणि ते दिसू नये म्हणून तिने पाण्याची बादली ओढली. पाणी वाढवायचे होते, पण किती? तिलाही रोजा होता. नाकाने अंदाज घ्यायची सवय तिला नव्हती, कारण आज पहाटेपर्यंत रुखियाने आंबटाला तिचा हात कधी लागूच दिला नव्हता. दोघींनी ग्लाफिराकडे पाहिले.

"आता माझी जीभही सोला," ग्लाफिरा म्हणाली आणि चमचा घेऊन पुढे सरकली. "मशिदीचं आंबट कुणी चाखलं ते मात्र सांगू नका. दोन्हीकडून मला शिव्या बसतील."

मदिना पाणी ओतत होती, मीठ टाकत होती. ग्लाफिरा चाखून कधी अजून म्हणे, कधी थांब म्हणे. पळी मदिनाच्या हातात होती. रुखियाला हातांचे काय करावे ते कळेना. ती लसूण सोलायला बसली, सासू आठवली आणि एकच पाकळी सोलून उठली. अखेर ग्लाफिराने चमचा चाटूनपुसून ठेवला, तेव्हा कुठे पातेले झाकले गेले.

सूर्य मावळला. खजूर खाऊन, पाणी पिऊन बायका मशिदीच्या अंगणात सतरंजीवर बसल्या. जिने आंबट केले तिने पहिला घास घ्यायचा, मग इतरांनी, अशी त्यांची रीत. मदिनाने पहिली वाटी वाढली. वाटी घेऊन ती कुठे बसते, याकडे रुखियाने पाहायचेच नाही असे ठरवले होते. मदिना सगळ्यांना ओलांडून आली आणि वाटी रुखियासमोर ठेवून, चार जणींना ऐकू जाईल असे म्हणाली, "अम्मा, सांगा. कसं झालंय?"

सगळ्या थांबल्या. रुखियाने जेवायच्या दोन काड्यांनी शेवया उचलल्या, तोंडात घेतल्या. दिवसभराच्या कोरड्या घशातून त्या सरसरत खाली गेल्या. लसूण नाही, मिरची नाही, आंबट नाही. तिने दुसरा घास घेतला.

"गार झालंय," ती म्हणाली. "छान गार झालंय."

बायकांनी आपापल्या काड्या उचलल्या.