तीच चिप दोनदा

जिनत तांबोळीकडे कोड तपासायला जाणार म्हटलं की लिहिणारा तो आधी स्वतःच दोनदा वाचून काढी. हिंजवडीतल्या त्या कंपनीत तिला आठ वर्षं झाली होती आणि तिच्या नजरेतून चूक सहसा सुटत नसे. स्वभावाने ती वाईट नव्हती, पण अभिप्राय लिहिताना शब्द खर्चायची तिला सवयच नव्हती. "काढून टाका." "चुकीचं आहे." बस्स, एवढंच.

२०१२च्या फेब्रुवारीत तिच्याकडे श्रीनिवास खांबेटे यांचा कोड आला.

खांबेटे चौपन्न वर्षांचे. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं पॅकिंगच्या यंत्रांना चालवणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड जुळवले होते. कारखाना बंद पडला तेव्हा लोक म्हणाले, आता घरी बसा. हे गेले आणि एका क्लासात कॉलेजच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून प्रोग्रामिंग शिकले. त्याच सुमाराला जिनतच्या कंपनीकडे एक काम आलं. त्या जुन्या बोर्डांचे सुटे भाग आता मिळेनात, तेव्हा अख्खा बोर्डच प्रोग्रामच्या रूपात उभा करायचा. याला म्हणतात एम्युलेटर. तो नव्या संगणकात बसून जुन्या बोर्डाचं सोंग असं वठवणार, की आतल्या जुन्या सूचनांना आपलं घर बदललंय याचा पत्ताही लागू नये. त्यासाठी तो बोर्ड आतून-बाहेरून ठाऊक असलेला माणूस हवा होता. खांबेट्यांना नोकरी मिळाली.

त्यांनी लिहिलेला तुकडा छोटा होता, पण सगळ्यात आधी चालणारा. यंत्राला जागं करणाऱ्या पहिल्या सूचना, म्हणजे फर्मवेअर, जुन्या चिपमधून काढून एका फाइलीत ठेवल्या होत्या. ती फाइल उचलून मेमरीत नेमक्या जागी उतरवायची, एवढंच काम. पण जागा चुकली की यंत्र उठतच नाही.

जिनतने सकाळभरात एकोणीस अभिप्राय लिहिले. सातवा होता, "फाइल ठरल्यापेक्षा मोठी निघाली तर? आकार तपासलेला नाही." बारावा होता, "फाइल लहान असेल तर तीच दोनदा उतरवली आहे, एकापाठोपाठ एक. निरर्थक. काढून टाका."

दुपारी उत्तरं आली. सगळ्यांखाली एकच शब्द, 'मान्य'. फक्त सातव्याखाली, बोर्डावर चिप बसते त्या खाचेबद्दल, जरा जास्त लिहिलं होतं, "चिप सॉकेटपेक्षा मोठी असू शकत नाही. बसणारच नाही."

जिनतला हसू आलं. तिने लिहिलं, "चिप नसेल, फाइल असू शकते. फाइलीला कोण अडवणार?"

दहा मिनिटांनी तिथेही 'मान्य' आलं. जिनतने मंजुरी दिली आणि दुसऱ्या कामाला लागली.

तोवर चाचणी एका मोठ्या चिपच्या फाइलीवर होत होती. ग्राहकाच्या बोर्डावरच्या चिपची फाइल मंगळवारी आली. बुधवारी सकाळी प्रकल्पप्रमुख योगेशने सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बोलावलं, कारण शुक्रवारी ग्राहक स्वतः येणार होता. एम्युलेटर सुरू केला. पडदा काळा. बंद करून पुन्हा सुरू केला. काळाच.

"सोमवारी चालत होतं," योगेश म्हणाला. "त्यानंतर कोणाचा कोड आत गेला? श्रीनिवासचा." मग तिथल्या बारा जणांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "सॉरी श्रीनिवास, पण पाना-पकडवाल्यांनी कोड लिहायला घेतला की हे व्हायचंच."

दोघंतिघं हसले. खांबेट्यांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला. जिनतने नजर पडद्याकडे वळवली.

जागेवर येऊन तिने बदल एकेक करून मागे घ्यायला सुरुवात केली. बाराव्या अभिप्रायामुळे काढलेल्या ओळी परत घातल्या आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. तिने पुन्हा काढून पाहिल्या. काळा. घातल्या. हिरवी अक्षरं. ती उठली.

खांबेटे कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी डबा उघडून बसले होते.

"काका, तो बारावा अभिप्राय..." जिनत उभ्यानेच म्हणाली. कंपनीत सगळ्यांना नावाने हाक मारायची रीत होती, पण तिच्या तोंडून निघालं ते काकाच. "चूक माझी होती."

"बसा. उभ्याने कबुली देऊ नये, पाय दुखतात."

ती बसली. "तीच फाइल दोनदा का उतरवत होतात?"

त्यांनी कागदी रुमालावर पेनाने एक लांबट चौकोन काढला. "हे सॉकेट. केलं होतं मोठ्या चिपसाठी. पुढे मोठी चिप मिळेना, म्हणून आम्ही निम्म्या आकाराची बसवायला लागलो. मग होतं काय, पत्ता सांगणाऱ्या तारांपैकी एक तार त्या चिपपर्यंत पोचतच नाही. प्रोसेसरने वरच्या अर्ध्यात मागितलं काय नि खालच्या अर्ध्यात मागितलं काय, ती आपली तेच देते. त्याच्या लेखी तीच चिप दोनदा. आणि पहिली सूचना तो शोधतो वरच्या टोकाला."

"आणि वरचा अर्धा मी रिकामा करायला लावला."

"हो."

"मग तेव्हाच म्हणाला का नाहीत?"

खांबेट्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आमच्याकडे तपासनीसाने लाल खूण केली की बोर्ड मुकाट्याने मागे घ्यायचा. सव्वीस वर्षांची सवय. शिवाय तुम्ही 'निरर्थक' लिहिलंत. मला वाटलं, सॉफ्टवेअरमध्ये याची सोय दुसरीकडे कुठेतरी केलेली असेल आणि आपल्यालाच ती ठाऊक नसेल. सात महिन्यांचा माणूस मी, विचारू कुणाला?" मग तो तुकडा डब्यात ठेवत म्हणाले, "सकाळी तुम्हीही गप्पच होतात."

सकाळी जिनत उगाच गप्प राहिली नव्हती. चूक यांचीच असणार, अशी तिचीही योगेशइतकीच खात्री होती.

ती तडक योगेशकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालू झालं ना? मग विषय संपला."

"तू बारा जणांसमोर बोललास. ते बाराही जण अजून तेच धरून बसलेत."

"म्हणजे मी माफी मागू?"

"मी मागणार आहे. तू नुसता हजर राहा."

गुरुवारी सकाळी, सगळे जमल्यावर, जिनत पडद्यासमोर उभी राहिली. कोणत्या ओळी होत्या, का होत्या, त्या काढायला कुणी सांगितलं, सगळं तिने सांगितलं. तिने काही वगळलं नाही. योगेशने आधी मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. मग तो मान वर करून म्हणाला, "श्रीनिवास, ते पाना-पकडचं माझं जरा जास्तच झालं."

"पाना-पकड मेकॅनिककडे असते," खांबेटे म्हणाले. "आमच्याकडे सोल्डरिंग आयर्न असतं. तेवढी दुरुस्ती करून घ्या."

यावर योगेशसकट सगळे हसले.

शुक्रवारी ग्राहक आला. त्याने आणलेल्या फर्मवेअरच्या चार नमुन्यांपैकी तीन चालले. चौथा भलत्याच कारणाने अडला आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळाली. ते काम योगेशने जिनत आणि खांबेटे यांच्याकडे मिळून दिलं. खांबेट्यांचा संकोच काही एका दिवसात गेला नाही. अधूनमधून ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत आणि जिनतला "काका, नीट सांगा, भांडा माझ्याशी," असं म्हणावं लागे.

एकदा तिने कबूल केलं की सॉकेटमधली चिप आपण आयुष्यात कधी हातात घेतलेली नाही. खांबेट्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती जन्मात कधी भात जेवली नसावी.

त्यांनी बोलावलं म्हणून शनिवारी दुपारी ती सदाशिव पेठेत त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी चहा ठेवला आणि जेवणाच्या टेबलावरची भाजी उचलून जागा करून दिली. खांबेट्यांनी एक जुना हिरवा बोर्ड तिथे मांडला आणि जिनतच्या हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिला.

"चिप एका बाजूने एकदम उचलू नका," ते म्हणाले. "थोडं इकडून, थोडं तिकडून. घाई केली की चिपचे पाय मोडतात."

जिनतने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चिपखाली सरकवलं. थोडं इकडून, थोडं तिकडून. चिप सैल झाली. तिने ती दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेली आणि एकेक पाय मोजत पाहिला. एकही वाकला नव्हता.