झाकण उघडं राहिलं तेव्हा

मी एक जुना मापनपेला आहे. निकेलच्या दोन नळ्या, एकीत एक बसवलेल्या, आणि वर काचेचं झाकण. लुंड विद्यापीठाच्या रसायनशाळेत माझा जन्म गेला. रेणूच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार किती साचलाय, ते माझ्यात द्रावण ओतून मोजतात.

मित्रांनो, टीरा एकेलुंड माझी लाडकी. तिनं एक नवा निळा पदार्थ केला होता. त्याच्या रेणूत सात कोनांचं एक कडं आणि पाच कोनांचं दुसरं. सहा फिरते इलेक्ट्रॉन मिळाले की असं कडं निवांत होतं. कोनागणिक एकच इलेक्ट्रॉन, म्हणून सातवालं आपला एक पाचवाल्याला देऊन टाकतं, आणि रेणूला धन-ऋण अशी दोन टोकं येतात, असं टीरा म्हणायची. या मापावर तिची पदवी होती.

एके सकाळी तिनं मला कोरड्या बेंझिननं धुतलं, द्रावण ओतलं, तेवढ्यात दहा वाजले. दहाच्या कॉफीला न जाणं आमच्याकडे उद्धटपणा.

"टीरा, ऊठ की! सर तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघताहेत," तिच्या शेजारी काम करणाऱ्या रूटनं दारातून हाक मारली.

"आले गं बाई, आले!"

झाकण बाजूलाच राहिलं. बाहेर धुकं होतं, खिडकी उघडी. दमट हवा माझ्यात उतरली. पाण्याच्या रेणूलाही अशी दोन टोकं असतात, तीही मापात धरली जातात हो! मी ओरडणार कसा?

परत येऊन तिनं मोजलं. आकडा तिच्या अंदाजाच्या दुप्पट आला. "बघ, म्हटलं नव्हतं!" ती नाचलीच. पुन्हा मोजलं नाही. आनंदात कोण मोजतं?

प्रबंध जाहीर परीक्षेआधी सगळ्यांनी वाचावा म्हणून रिवाजाप्रमाणे विद्यापीठाच्या फळ्यावर खिळ्यानं ठोकला गेला. तीन आठवड्यांनी भर सभेत परीक्षकानं विचारलं, "बाई, हे माप किती वेळा घेतलंत?"

"एकदा."

मागून कुणीतरी हसलं. पदवी मिळाली, पण खालच्या श्रेणीची. विद्यापीठातली जागा गेली. टीरा खेड्यातल्या शाळेत शिकवायला गेली. जाताना तिनं मला पुसून ठेवलं, याचंच मला फार वाईट वाटतं.

अकरा वर्षांनी एका संशोधकानं मला नीट वाळवून तोच पदार्थ मोजला. आकडा निम्मा आला, पण दोन टोकं होतीच. टीराचं म्हणणं खरं होतं. त्यानं ते वहीत लिहिलं आणि वही कपाटात ठेवली. त्याच कपाटात आता मीही आहे, काळवंडलेला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची झाकणं लावत जा. हवा तसा आकडा आला, तर आधी पुन्हा मोजा. आणि कुणाचं म्हणणं मागाहून खरं ठरलं, तर त्या माणसाला दोन ओळींचं पत्र टाका. टीरा तेव्हा फक्त चाळीस किलोमीटरवर राहत होती.