बिबट्याने खाल्लेलं नेट

जुन्नर तालुक्यात काहीही नाहीसं झालं की बिबट्याचं नाव घ्यायची रीत आहे. कोंबडी गेली, बिबट्या. वाळत घातलेलं धोतर गेलं, बिबट्या. त्यामुळे कल्पेशशेठच्या राहत्या घरातल्या कॉम्प्युटर क्लासातलं नेट रोज रात्री गडप व्हायला लागलं, तेव्हा शेठ गंभीरपणे म्हणाला, "उमरभाई, मागच्या बोळात पंजे दिसलेत म्हणे."

"वायर खाऊन सकाळी जोडून जातो का त्यो?" कॉम्प्युटर दुरुस्तीवाला उमर खेकसला.

सोमवारपासून त्याचं डोकं इतकं तापलं होतं, की त्यावर ठेवलेला चहा उकळला असता. उकळला, असं सांगणारेही बाजारपेठेत आहेत.

क्लासात बारा डबे, म्हणजे नुसते पडदे; उमरनंच सोमवारी बसवलेले. त्यांना स्वतःचं डोकं नाही; डोकं एकच, कोपऱ्यातला सर्व्हर. बाराजणांनी बाहेरून काही मागितलं की सर्व्हरने ते स्वतःच्या नावावर मागवायचं आणि आलेलं ज्याचं त्याला द्यायचं. शेठची आजी भंवरीबाई सगळ्या सुनांची दळणं एकाच नावावर गिरणीत पाठवते आणि पीठ मात्र बरोबर जिच्या तिच्या डब्यात ओतते, तसंच. दुपारी उमर तसा हुकूम टाइप करायचा, बाराही पडदे नेटवर पळायचे. सकाळी पाहावं तर पडदे चालू, सर्व्हर चालू, नेट मात्र एकट्या सर्व्हरला! डब्यांना दार बंद.

त्यानं वायरी बदलल्या, कार्ड बदललं, उंदराचा पिंजरासुद्धा लावला. उंदीरही आला नाही.

"उद्या मुलींची ऑनलाइन परीक्षा. पहिल्यांदा सेंटर मिळालंय," शेठ म्हणाला. "सकाळी असंच दिसलं तर पुण्याचा माणूस बोलावतो. वाईट वाटून घेऊ नका."

उमरला झोंबलं. गावातला एकूण एक कॉम्प्युटर त्याच्या हातचा. पुण्याचा माणूस एकदा आला, की लोक आपल्याला चहा पाजतील, काम देणार नाहीत.

"आज मी हितनं हलतच न्हाई," तो म्हणाला.

शेठ दुकानात गेला. उन्हं किल्ल्याआड उतरली. तेवढ्यात भंवरीबाई काठी टेकत आल्या, त्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीचा खटका बंद केला, मग घराचा मेन स्विच पाडला. क्लास काळाठिक्कर.

"आजी! काय केलं हे?"

"पीरमहंमदचा उमर का रे? दिवस मावळला. दिव्यांवर पाखरं येऊन मरतात. पाप तुझ्या माथी लावू?"

"रोज पाडता?"

"तुझ्या जन्माआधीपासून. सकाळी नात लावते परत."

उमर मटकन बसला. हुकूम रोज दिला होता, पण कायमचा लिहून ठेवलाच नव्हता! वीज गेली की सर्व्हर तो विसरायचा आणि सकाळी आपोआप उठून निर्लज्जासारखा लुकलुकायचा. दोन ओळींची चूक. आणि शेंबडं पोरही हसेल अशी.

सकाळी त्यानं त्या ओळी लिहिल्या. पण टिकतात का, हे कळायला मेन पडायला हवा, आणि मेन पाडायची घरात आजीशिवाय कुणाची छाती नव्हती. दारात मुलींची रांग लागलेली.

"आजी, मेन पाडा."

"दिवसाढवळ्या? खुळा झालास? काय बिघडवलंस, ते सांग आधी."

"कायबी न्हाई!"

"मग कशाला पाडू?"

उमरनं कपाळावर हात मारला. मग आवाज एकदम मऊ केला. "मशिनीत किडा शिरलाय, आजी. चालू ऱ्हायली तर भाजून मरंल बिचारा."

काठी तिथंच टाकून भंवरीबाई धावल्या. खटका बंद झाला, मेन पडला. थोड्या वेळानं दोन्ही परत चढले. सर्व्हर घुरघुरला, आणि एकेक करत बाराही पडद्यांवर परीक्षेचं पान उघडलं.

"वाचला का रे?"

"वाचला, आजी. लई थोडक्यात."

शेठ धापा टाकत आला, फोन कानालाच. "चाललं? काय होतं नक्की?"

उमरनं बोळाकडे पाहून मान डोलावली. "तुमी म्हनत व्हता त्येच, शेठ. पंजे लई मोठं व्हतं."

"मी सांगत होतो!" म्हणत शेठनं पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं.